"का?" सोडून काहीही विचारा

एखाद्या घरात कुणी आत्महत्या केली तर त्या घरच्यांकडे जाऊन बोलायचं काय, असा प्रश्न पडतो. माझा चुलतभाऊ गेला त्याला आठ वर्षं झाली. यवतमाळकडची कोरडवाहू शेती. तेरवीपर्यंत घर भरलेलं, आणि येणारा प्रत्येक जण वहिनीला विचारायचा, "तुला आधी काहीच जाणवलं नाही?" ती स्वतःला रात्रंदिवस तेच विचारत होती हो! मग ही शेतकरी आत्महत्या सरकारी मदतीला 'पात्र' की 'अपात्र', याची चौकशी. मदतीच्या १ लाखासाठी सातबारा, कर्ज, वसुलीचा तगादा सगळं कागदावर दाखवायचं.

आधार झाला तो शेजारच्या काकूंचा. रोज संध्याकाळी यायच्या, वहिनीसोबत तुरीच्या शेंगा सोलत बसायच्या आणि दादाचं नाव घेऊन बोलायच्या. त्याला ठेचा कसा झणझणीत लागायचा, बैलांशी कशा गप्पा मारायचा. आम्ही बाकीचे नावच टाळायचो. (मीसुद्धा. अजून लाज वाटते.) दीड महिन्यानं वहिनी पहिल्यांदा त्याच्यावर चिडली, "मला एकटीला टाकून गेला." काकू एवढंच म्हणाल्या, "चिड माय, चिड."

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तेव्हा नव्हता. मागे राहिलेल्यांनाही तिथे मराठीत, कधीही, फुकट बोलता येतं. पुतणीनं बारावीच्या वर्षी लावला होता. पाऊण तास बोलली.