मदत हवी आहे: लाईट जाते तिथे गॉड ऑफ वॉर कसा खेळावा?

नमस्कार मंडळी. मी सेलूजवळच्या (जि. परभणी) खेड्यात राहतो. भावाने दिलेल्या जुन्या प्लेस्टेशन २ या गेम कन्सोलवर २००५ चा पहिला गॉड ऑफ वॉर हा व्हिडिओ गेम खेळतोय. खेळ रक्तबंबाळ आहे, पोरं झोपल्यावरच लावतो. पण एरीस या युद्धदेवाने डोळ्यांवर पडदा टाकून खेळाचा नायक क्रेटोसच्या हातून त्याचीच बायको-मुलगी मारवली, हे कळल्यापासून क्रेटोसचा राग मला खोटा वाटत नाही.

आता पँडोराच्या मंदिरात आहे. क्रोनोस नावाचा महाकाय टायटन वाळवंटात रांगतोय आणि त्याच्या पाठीवर अख्खं मंदिर! काय कल्पना आहे! अडचण एकच: सेव्ह होतं ते फक्त प्रकाशाच्या झोतात उभं राहिल्यावर. दोन झोतांच्या मध्ये लाईट गेली की सगळं पुन्हा.

घरात इन्व्हर्टर आहे, पण लाईट गेल्यावर तो चालू होईपर्यंत कन्सोल बंद पडतो. इन्व्हर्टरचं बटण यूपीएस मोडवर टाकलं तर भागेल का, की वेगळा छोटा यूपीएस घ्यावा? सोबत जुना डबा टीव्हीही आहे. आणि नेमकं सेव्ह होताना लाईट गेली तर मेमरी कार्ड खराब होतं का? अनुभव असेल त्यांनी नक्की सांगा, तोवर पुढचं दार उघडत नाही.