८० अंशांवर सर्फॅक्टंट निकामी का ठरतो?

विश्वामित्री: मी वडोदऱ्यात केमिकल इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत अडकलेले तेल सुटावे म्हणून विहिरीतून जे सर्फॅक्टंटचे (तेल-पाण्याच्या सीमेवर बसून त्यांच्यातील ताण कमी करणाऱ्या साबणासारख्या रसायनाचे) द्रावण सोडतात, त्याची चाचणी माझ्या प्रकल्पात आहे. खोलीच्या तापमानाला तेल आणि खाऱ्या पाण्यातील आंतरपृष्ठीय ताण (दोन द्रवांच्या सीमेवरचा ताण; तो जितका कमी, तितके तेल सहज सुटते) ०.००५ मिलिन्यूटन प्रति मीटरपर्यंत उतरला. तेच मिश्रण ८० अंश सेल्सिअसवर मोजले असता तो कितीतरी पटींनी वाढला. उष्णतेने रेणू तुटले, असे समजावे काय?

दांडियाबाजार: इतक्यात तसे समजू नये. नमुना थंड करून ताण पुन्हा मोजावा. जुना आकडा परत आला, तर रेणू शाबूत आहेत आणि बदलला आहे तो केवळ त्यांचा पाण्याकडे की तेलाकडे असा कल. आयनिक, म्हणजे विद्युतभारित, सर्फॅक्टंट तापला की सहसा पाण्याकडे अधिक ओढला जातो. त्यामुळे ज्या क्षारतेला (पाण्यातील मिठाच्या प्रमाणाला) ताण सर्वांत कमी असतो ती क्षारताच वर सरकते आणि आपले मिश्रण मागे राहते. म्हणून वेगवेगळ्या क्षारतांच्या चाचण्यांची संपूर्ण मालिका ८० अंशांवर नव्याने लावावी. नॉन-आयनिक (भाररहित) इथॉक्सिलेट प्रकारच्या सर्फॅक्टंटचे वागणे उलट असते: तापल्यावर त्याचे पाण्याशी असलेले हायड्रोजन बंध सैल होतात आणि एका ठरावीक तापमानापलीकडे द्रावण गढूळ होते.

विश्वामित्री: आभारी आहे. माझा सर्फॅक्टंट अल्किल ईथर सल्फेट आहे.

जुना तेलकरी: मग दुसरी शक्यताही तपासावीच लागेल. साधारण ६० अंशांपलीकडे सल्फेट गटाचे जलविघटन (पाण्याशी क्रिया होऊन तुटणे) हा खरा धोका आहे. त्यातून आम्ल तयार होते आणि ते आम्लच पुढच्या विघटनाला वेग देते, म्हणून पीएच घसरतो आहे का ते पाहत राहावे. द्रावण किंचित अल्कधर्मी ठेवल्यास ही क्रिया मंदावते. सल्फोनेट या दुसऱ्या प्रकारच्या सर्फॅक्टंटमध्ये गंधक थेट कार्बनशी जोडलेले असल्यामुळे ते बरेच अधिक टिकते. मात्र प्रयोगशाळेतील काही तासांवर विसंबू नये, कारण भूगर्भात द्रावणाला महिनोन्‌महिने तग धरायचा असतो. ऑक्सिजन काढून सीलबंद केलेल्या काचेच्या नळ्या ओव्हनमध्ये काही आठवडे ठेवून मधूनमधून तपासाव्यात. माहितीपत्रकावर नुसते ‘उष्णतारोधक’ छापलेले असते, किती काळ ते नसते. अशा शब्दाला मी तरी किंमत देत नाही.

दांडियाबाजार: उष्णतेचा एक फायदाही नोंदवून ठेवतो. अ‍ॅनायनिक (ऋणभारित, तुमच्या सल्फेटसारखा) सर्फॅक्टंट तापमान वाढल्यावर बहुधा खडकाला कमी चिकटतो, त्यामुळे वाटेत वाया जाणारा साठा घटतो. तेव्हा चिकटण्याची चाचणीही ८० अंशांवरच करावी.