गाव माहीत नसताना इटलीतला जन्मदाखला कसा काढायचा?

निशिगंध: नवऱ्याचे आजोबा १९०६ साली इटलीत, कोसेन्झा प्रांतात जन्मले आणि पुढे न्यूयॉर्कला गेले. गावाचं नाव घरात कुणालाच ठाऊक नाही. वंशावळ करायचीच आहे, जमलं तर नवऱ्याला इटलीचं नागरिकत्वही. सुरुवात कुठून करू?

कागदकिडा: गावाशिवाय तिकडे पान हलत नाही. जन्मनोंदी प्रांताकडे नसतात, प्रत्येक कोमूनेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, दप्तरात असतात. पुरुष शोधताय हे बरं. सक्तीच्या लष्करभरतीच्या याद्या, 'लिस्ते दि लेवा', जन्मवर्षानुसार बनत आणि परदेशी गेलेल्यांचीही नावं त्यांत येत. कोसेन्झाच्या राज्य अभिलेखागाराला १९०६ ची यादी मागा. नाव इटालियनच द्या: घरातले 'जोसेफ' तिथे 'जुझेप्पे' असतात.

गाव कळलं की 'अंतेनाती' पोर्टल बघा, इटलीतल्या अभिलेखागारांच्या जुन्या नोंदवह्या तिथे ऑनलाइन आहेत, फुकट. वहीच्या शेवटी बहुधा सूची असते, तिथून नोंदीचा क्रमांक उतरवून घ्या. तिथलं चित्र वंशावळीला चालतं, नागरिकत्वाच्या अर्जाला नाही. त्यासाठी कोमूनेला इटालियनमध्ये पत्र लिहून 'एस्त्रात्तो पेर रियासुन्तो', म्हणजे नोंदीचा सारांश-उतारा, मागा आणि 'कोन पातेर्निता ए मातेर्निता' (वडील-आईच्या नावांसह) हे शब्द विसरू नका. नाहीतर आईवडिलांची नावं वगळून उतारा हातात पडतो आणि पुन्हा पहिल्यापासून.

दप्तरी: त्याआधी अमेरिकेतली बाजू तपासा. इटलीच्या मार्च २०२५ च्या वटहुकमाने आणि मे महिन्यातल्या ७४/२०२५ कायद्याने नियम कडक झालेत. आजोबांच्या आधारावर हक्क सांगायचा तर मरतेवेळी त्यांच्याकडे फक्त इटलीचं नागरिकत्व हवं. यूएससीआयएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर खात्याच्या, वंशावळ विभागाकडून आधी सूची-शोध आणि मग 'सी-फाइल', म्हणजे नागरिकत्व घेतल्याची फाइल, मागवा. अमेरिकन नागरिकत्व कधी घेतलं ते कळेल, शिवाय जन्मगाव तिथेच सापडण्याची शक्यता बरीच.

निशिगंध: ते अमेरिकन नागरिक झाले होते, हे नक्की. साल माहीत नाही.

दप्तरी: मग त्यांच्या आधाराने नागरिकत्वाचा नाद सोडा, साल कुठलंही असो. वंशावळीसाठी सी-फाइल तरीही मागवाच. कोमूनेकडून कागद घेणारच असाल तर एक लक्षात ठेवा: २०२५ पासून शंभर वर्षांहून जुन्या नोंदीच्या उताऱ्याला ३०० युरोपर्यंत शुल्क लावायची त्यांना मुभा आहे. नुसत्या वंशावळीला अंतेनातीवरचं पान पुरतं.