रात्री उशिरा जेवण आणि रोजचं अपचन, खाण्यात काय बदलू?

लोकलवासी:
मंडळी, सल्ला हवाय. ऑफिस फोर्टला, घर डोंबिवलीत. साडेसातची फास्ट मिळाली तरी घरी पोचेस्तोवर नऊ, ताटावर बसेपर्यंत साडेनऊ आणि पहाटे उठायचं म्हणून साडेदहाला आडवा. पोट फुगतं, आंबट ढेकर, मध्यरात्री घशाशी जळजळ. डॉक्टरांना दाखवलं, सोनोग्राफी नॉर्मल, गोळ्या दिल्या, त्या चालू होत्या तोवर बरं होतं. रोज ईनो मारून जगायचं नाहीये. दिवसभराचं खाणं असं: सकाळी चहा-खारी, दीडला डबा, पाचला वडापाव, मध्येमध्ये चहा चालूच, रात्री पोळी भाजी वरण भात सगळं व्यवस्थित.

पाटावरवंटा:
अहो उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे की! दिवसातलं सगळ्यात मोठं जेवण तुम्ही झोपायच्या तासभर आधी करताय. पोट रिकामं व्हायला तीनचार तास लागतात, तेलकट असेल तर अजून जास्त, आणि भरल्या पोटी आडवं झालं की ते आंबट वर येणारच, त्यात ओवा नि बडीशेप तरी काय करणार. आमच्या ह्यांचीही हीच तऱ्हा होती, शेवटी मी डबे दोन केले. दुसरा डबा संध्याकाळी साडेसहाला ऑफिसातच खायचा, पोळीभाजीचा रोल, म्हणजे वडापावची जागाही तिथेच भरते. घरी आल्यावर फक्त वाटीभर मुगाची पातळ खिचडी, नाहीतर मऊभात-मेतकूट. खिचडीला तांदूळ नि मूगडाळ सारखी, पाणी पाचपट, हिंग-जिरं-आलं, तूप वरून चमचाभरच. पहिले काही दिवस जेवल्यासारखं वाटत नाही, कुरकुर होते, होऊ द्यायची.

निवांत_नाना:
काकूंना +१. रात्री थंड दूध प्या, जळजळ तिथल्या तिथे शमते, आणि शतपावली करा.

औषधवाला:
नाना, शतपावली बरोबर, पण दुधाचं अर्धंच खरं आहे. पिताना गार वाटतं, थोड्या वेळाने पोट उलट जास्त अॅसिड सोडतं, त्यामुळे झोपताना ग्लासभर दूध म्हणजे परत तेच. दुकानात रोज हेच बघतो म्हणून दोन गोष्टी सांगतो. एक, डोकं-कंबर दुखली की रिकाम्या पोटी पेनकिलर घेत असाल तर आधी ते डॉक्टरांना सांगा, पुष्कळांच्या पोटाचं दुखणं तिथून सुरू होतं. दुसरं, ईनोत सोडियम भरपूर असतं, बीपीवाल्यांनी तर रोज घेऊच नये. आणि वजन आपोआप उतरतंय, घास अडकतोय, शी काळी होतेय, असलं काही असेल तर धागे वाचत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा. छातीत दुखून हाताकडे किंवा जबड्याकडे कळ जात असेल, घाम फुटत असेल तर गॅस समजून घरी बसायचं नाही.

मिसळप्रेमी:
म्हणजे रविवारची मिसळ बंद का? 😭

पाटावरवंटा:
खा की, पण सकाळी खा, तर्री बेतानं घे आणि दुपारी परत बिर्याणी हाणू नकोस. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्यायचं, मोड आणले तर अजून चांगलं, गॅस कमी होतो. छोले-राजमा रात्री नकोच. आणि उपवासाचंही लिहून ठेवते, साबुदाणा, दाण्याचं कूट, तळलेले बटाटे हे सगळं एका दिवशी, मग म्हणायचं उपवास बाधला. एकादशी नि दुप्पट खाशी!

हळूहळू:
भरभर खाणं कोणीच लिहिलं नाही? मोबाईल बघत पाच मिनिटात डबा संपवणारे आपण, घासाबरोबर हवाही गिळतो, ती ढेकरातून येतेच मग. पहिला चहा खारीच्या आधी न घेता पोह्यांनंतर घ्या, आणि दिवसाचे चहा मोजा एकदा, आपण समजतो त्याहून जास्त निघतात. झोपताना डाव्या कुशीवर, आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली लाकडाचे ठोकळे, सहा इंच उंच. नुसत्या उशा रचू नका, त्याने पोट दुमडतं.

लोकलवासी:
ठोकळ्यांवर घरात हसतील पण करतो 😀 पेनकिलर कंबरेसाठी चालू असते अधूनमधून, डॉक्टरांना विचारतो. दोन डब्यांचं पटलं. फक्त सकाळी सहाला भरलेला रोल संध्याकाळपर्यंत टिकेल का? ऑफिसात फ्रीज नाही, आणि मे महिन्यात तर भाजी दुपारीच आंबते.

पाटावरवंटा:
भाजी नकोच मग, दुधीचे धपाटे द्यायला सांगा. किंवा स्वतःच करा, अवघड नाहीत. दुधी किसून घट्ट पिळायचा, त्यात कणीक नि थोडं बेसन, ओवा, तीळ, हळद, तिखट नावाला. पाण्याचा थेंब घालायचा नाही, दुधीच्या ओलाव्यात भिजतं. तेल कमी, तव्यावर खरपूस भाजा आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका, वाफ धरली की चिकट होऊन वास येतो. सोबत दही देऊ नका, तेच आधी आंबतं.