तांबीने एचआयव्हीही टळतो का?

प्रश्न (आशा कार्यकर्ती, हर्णै): बंदरावरच्या एका वहिनींनी तांबी बसवली आहे, तिने एचआयव्हीही टळतो, असा त्यांचा समज आहे. दोन्ही टाळणारे एकच साधन आहे का?

उत्तर (परिचारिका, रत्नागिरी): ताई, तांबी फक्त गर्भधारणा रोखते. दापिव्हिरिनची लवचीक सिलिकॉन रिंग, जिच्यातल्या 25 मिलिग्रॅम औषधापैकी थोडे योनीत महिनाभर हळूहळू झिरपते, एचआयव्हीचा धोका कमी करते. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये तिची शिफारस केली. मात्र आफ्रिकेतील चाचण्यांत धोका साधारण एकतृतीयांशानेच घटला, आणि गर्भधारणा ती रोखत नाही.

उत्तर (मालवण): लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे गर्भनिरोधक संप्रेरकही घातलेल्या दुहेरी रिंगवर संशोधन झाले आहे. तूर्त दोन्ही कामे करणारा निरोधच. नवरे कुरकुरतात, हेच खरे दुखणे.

प्रश्नकर्ती: मग तांबी राहू द्या, सोबत निरोध वापरा आणि दोघांचीही आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात) मोफत तपासणी करून घ्या, असे वहिनींना सांगते.