कामठी छावणीतल्या इंग्रज शिपायाचं विलायतेतलं गाव कसं शोधायचं?

छिंदवाडा_रोड
आईचे पणजोबा इंग्रज शिपाई होते. हातात एकच कागद आहे, कामठीच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्याची नक्कल, १८७३ ची. मुलाचं नाव, आईबापाची नावं, बापापुढे 'प्रायव्हेट' (साधा शिपाई) आणि मग पलटणीचा आकडा. त्यातला २ स्पष्ट आहे, पुढचा १ की ७ ते लागत नाही. आडनाव स्मिथ, त्यामुळे नुसत्या नावावर ढीगभर माणसं निघतात. फॅमिलीसर्च या वंशावळ शोधायच्या साइटवर 'नागपूर' आणि 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस' टाकून पाहिलं, हाती काही नाही. त्यांचं गाव आणि आईबाप कळायला हवेत. सुरुवात कुठून करू?

कन्हानकाठ
भाऊ, जागा चुकली. कामठी ही १८२१ पासूनची मद्रास फौजेची छावणी. तिथल्या नोंदींच्या नकला मद्रासमार्गे लंडनला गेल्या. ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात (हिंदुस्थानच्या कारभाराचे लंडनमधले कागद) एन/१ म्हणजे बंगाल, एन/२ मद्रास, एन/३ मुंबई. तुमचं काम आधी एन/२ मध्ये. फॅमिलीसर्चवर जागेच्या रकान्यात 'मद्रास' टाका. कामठीचं इंग्रजी स्पेलिंग कधी 'के' ने सुरू होतं, कधी 'सी' ने, आणि मधला 'पी' कधी गळतो. सगळी रूपं चालवून पाहा. फिबिस या हिंदुस्थानातल्या ब्रिटिश घराण्यांच्या नोंदी जमवणाऱ्या संस्थेचा शोध फुकट आहे. फाइंडमायपास्ट या साइटला पैसे पडतात, पण मूळ पानाचं चित्र तिथंच दिसतं आणि तुम्हाला तेच हवंय.

ते पान उघडलं की स्वतःची नोंद सोडून आधी आजूबाजूच्या नोंदी वाचा. त्याच पलटणीतल्या इतर शिपायांची मुलंही तिथंच असणार. लिहिणारा कारकून एकच, तेव्हा तो १ सरळ ओढतो की वर आकडी काढतो, ७ ची मान कुठं मोडतो, हे चार ओळींत कळतं. तरी शंका राहिलीच तर १८७३ ची मासिक आर्मी लिस्ट (फौजेतल्या पलटणी आणि अधिकाऱ्यांची छापील यादी) काढा. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडनं जुन्या आर्मी लिस्टा फुकट ठेवल्या आहेत, आणि त्यात पलटण त्या वेळी कुठं होती ते दिलेलं असतं. दोघींपैकी जी हिंदुस्थानात होती ती तुमची. दोन्ही असल्या तर दोन्ही धरून चाला, अंदाजानं एक खोडू नका.

पलटण ठरली की लंडनजवळच्या क्यूमधल्या नॅशनल आर्काइव्हजमधलं डब्ल्यूओ १२, म्हणजे हजेरीपट. तुमचं नशीब असं, की साधारण १८६८ ते १८८३ च्या हजेरीपटात विवाहितांची यादी जोडलेली असते, बायको-मुलांसकट. एकाच पलटणीत तीन स्मिथ असले तरी बायकोच्या नावावरून आपला वेगळा काढता येतो आणि त्याचा शिपाई क्रमांक मिळतो. अडचण एकच : कमांडिंग ऑफिसरच्या परवानगीशिवाय लग्न केलं असेल तर बायको त्या यादीत नसते. हजेरीपट बहुतांशी ऑनलाइन नाहीत. तिथला संशोधक तासावर लावावा लागतो, म्हणून पलटण आणि साल पक्कं केल्याशिवाय पैसे टाकू नका.

जुनं_दप्तर
क्रमांक हाती आला की डब्ल्यूओ ९७, सेवामुक्तीचे कागद. यात जन्माचा पॅरिश (चर्चच्या हद्दीतला भाग), जवळचं गाव, काउंटी (जिल्हा), भरतीआधीचा धंदा, उंची, डोळ्यांचा रंग, सगळं असतं. पण लोक इथंच हिरमुसतात. १८८३ च्या आधी पेन्शनवर सुटलेल्यांचेच कागद या मालिकेत ठेवले गेले. मुदत संपवून बिनपेन्शन गेला, पैसे भरून सुटका घेतली किंवा नोकरीत मेला, तर तिथं काही मिळत नाही. नाव सापडलं नाही म्हणून 'शिपाई नव्हताच' असं ठरवू नका.

आणखी एक. १८८१ मध्ये पलटणींचे आकडे गेले आणि नावं आली. १०५ वी पायदळ पलटण किंग्ज ओन लाइट इन्फंट्री (साउथ यॉर्कशायर रेजिमेंट) हिची दुसरी बटालियन झाली. ८० च्या दशकातल्या कागदावर वेगळं नाव दिसलं तर माणूस बदली झाला असं नाही. मूळची कंपनी सरकारची मद्रास युरोपियन पलटण असेल तर १८६१ पूर्वीचं शोधायला पुन्हा इंडिया ऑफिस दप्तरात जावं लागतं, मद्रासचे सेवापट एल/एमआयएल/११ मध्ये.

घरचे कॅथलिक असतील तर एन/२ वर विसंबू नका, कॅथलिक चर्चच्या रजिस्टरांची चौकशी करा. तिथं नोंदी लॅटिनमध्ये : जेम्सचा जॅकोबस, विल्यमचा गुलिएल्मस.

बर्डीकर
काउंटी कळली की इंग्लंडचं काम सोपं, पण घाई नको. जन्मनोंदणी १ जुलै १८३७ पासून. जीआरओ (तिथली जन्म-मृत्यू नोंदणी कचेरी) हिची स्वतःची सूची वापरा, तीत जुन्या जन्मांनाही आईचं माहेरचं आडनाव दिलंय, आणि स्मिथसाठी तेच कामाचं. नोंद तिमाहीनं लागते आणि नोंदवायला ४२ दिवसांची मुदत असायची, म्हणून मेमध्ये जन्मलेलं पोर सप्टेंबर तिमाहीत निघू शकतं. १८७५ पूर्वी काही जन्म नोंदलेच गेले नाहीत, तेव्हा पॅरिशचा बाप्तिस्मा पाहायचा. मग १८५१ आणि १८६१ ची जनगणना, लहानपणी घरात कोण कोण होतं ते बघायला. १८४१ ची वापरलीत तर पंधराच्या वरच्यांची वयं बहुधा पाचाच्या पटीत खाली ओढलेली असतात, हे ध्यानात ठेवा.

छिंदवाडा_रोड
सगळ्यांचे आभार. कामठीच्या जुन्या कबरस्तानात त्याच आडनावाचा एक दगड आहे, चुन्याखाली अक्षरं बुजलीत. खरवडू का?

कन्हानकाठ
अजिबात नको, ॲसिड तर नकोच. सकाळी ऊन तिरपं असताना जा, किंवा आरशानं उजेड बाजूनं पाडा. अक्षरांच्या खाचांत सावली बसते आणि फोटोत वाचता येतं. ओल्या फडक्यानं धूळ पुसली तरी पुरे. आणि दगडावरच्या वयावरून जन्मसाल काढू नका. पोरं भरतीच्या वेळी वय वाढवून सांगायची आणि बहुधा तेच पुढं कागदोकागदी चालायचं, दगडापर्यंत. दोन वर्षं मागं-पुढं धरून शोधा.