जुनी थार सीआरडीई, विंच आणि फ्रिज: नवी बॅटरी कोणती घ्यावी?

कडाकपारी_४×४

मंडळी, गाडी २०१६ ची थार सीआरडीई आहे, २.५ लिटर. आत्ता आहे ती आधीच्या मालकाने बसवलेली ६५ एएचची (ॲम्पिअर-तास, म्हणजे साठवण क्षमता) डीआयएन (जर्मन मापाची) बॅटरी. एक रात्र उभी राहिली की सकाळी मल्टिमीटरवर १२.१ व्होल्ट दिसतात आणि पहिला सेल्फ जड जातो. गाडी एरवी घरीच असते, महिन्यातून एक-दोनदा घाटात किंवा कोकणात जाते.

जोडलेला लोड: ९,५०० पौंडांचा विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारा), १२० वॉटची एलईडी बार, ४० लिटरचा कम्प्रेसर फ्रिज, जीपीएस ट्रॅकर.

दुकानदार म्हणतो १०० एएचची टाका, विषय संपला. ग्रुपवर निम्मे एजीएम (ॲसिड काचेच्या चटईत शोषलेली सीलबंद बॅटरी) म्हणतात, निम्मे लिथियम. डायनामो कंपनीचाच आहे. काय घेऊ?

ऑटोइलेक्ट्रिक_मिरज

बॅटरी घ्यायच्या आधी चार रीडिंग घ्या. नाहीतर नवी बॅटरीही सहा-आठ महिन्यांत याच रांगेत येईल.

१) बॅटरी चार्जरवर पूर्ण भरा (६५ एएचला ६-७ ॲम्पिअर पुरे), मग चार्जर काढून रात्रभर तशीच ठेवा, निगेटिव्ह वायर सोडून. सकाळी १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरीत जीव आहे, गाडीच करंट खातेय. वायर सोडूनही १२.२ वर आली तर सेल गेलाय.

२) सेल्फ मारताना बॅटरीच्या पोलवर व्होल्टेज बघा. ९.६ च्या खाली जायला नको.

३) इंजिन सुरू, दिवे आणि ब्लोअर चालू, आरपीएम १,५०० ला. पोलवर १३.८ ते १४.४ हवेत. १३.५ च्या पुढे जातच नसेल तर आधी डायनामो बघा. १४.८ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय आणि बॅटरीचं पाणी तोच उडवतोय.

४) हे कोणी करत नाही, आणि ऑफ-रोडच्या गाड्यांत दोष बरेचदा इथेच सापडतो. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर (क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या पोलवरच), दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. त्याच्या वर गेलं तर अर्थिंग खराब. चिखल-पाण्यात चासीवरचा लग (वायरच्या टोकाची कडी) आतून गंजतो, वरून चकचकीत दिसतो. मग सेल्फ जड जातो आणि शिव्या बॅटरीला बसतात.

सोबत गाडी बंद असतानाचा करंटही मोजा. मीटर १० ॲम्पिअरच्या रेंजवर, निगेटिव्ह वायरच्या मधे. लॉक करून २०-३० मिनिटं थांबा, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) झोपला की आकडा खाली येतो. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. ५० मिलीॲम्पिअरपर्यंत चालतं.

डीआयएन_की_जेआयएस

वरचं सगळं बरोबर. दुकानदाराच्या १०० एएचबद्दल मात्र सावध राहा. प्रश्न एएचचा नाही, डब्याच्या मापाचा आणि पकडीचा आहे.

डीआयएन बॅटरीला तळाशी कडा असते. ट्रेमधली पाचर त्या कडेवर बसते आणि एका बोल्टने डबा जाम होतो. जेआयएस (जपानी मापाच्या) डब्यांना वरून पट्टी आणि दोन लांब हुक लागतात, ते डीआयएनच्या ट्रेवर बसतच नाहीत. मग दुकानात 'बसते की साहेब' म्हणत रबरी पट्ट्याने बांधून देतात. रस्त्यावर ते चालून जातं. दगडधोंड्यांत डबा रोज दोन-चार मिलिमीटर हलत राहतो, प्लेटवरचा मसाला झडून तळाशी साचतो आणि एक दिवस सेल शॉर्ट.

उंचीही बघा. डीआयएनचे पोल झाकणाच्या पातळीत आत बसलेले असतात, एकूण उंची १९० मिमी. जेआयएसच्या डी२६ डब्याचे पोल वर उभे राहतात, एकूण उंची २२५ च्या आसपास. म्हणजे प्लसचा पोल बॉनेटकडे साडेतीन सेंटिमीटर वर सरकला. बॉनेटखाली तेवढी जागा आहे का, हे प्लॅस्टिसिनचा गोळा ठेवून बॉनेट लावून बघा. गोळा चपटा झाला तर उडी मारताना तिथे ठिणगी पडणार.

मापं लिहून ठेवा. ६५ एएचचा डीआयएन डबा २७८ × १७५ × १९०. ७४ एएचचाही याच मापात मिळतो. ८० एएचचा सहसा ३१५ लांब, त्याच्या वरचे बहुतेक ३५३. ट्रे कापून वेल्डिंग करायची नसेल तर तुमची हद्द ७४.

पोलची बाजूही तपासा. पोल आपल्याकडे ठेवून उभं राहिलं की प्लस उजवीकडे आहे की डावीकडे? उलटा डबा घेतला तर वायर ताणून बसवावी लागते, आणि ताणलेली वायर आधी घासते, मग जळते.

रानवाट_जिम्नी

जिप्सी-जिम्नीवाल्यांसाठी जाता जाता: काही छोट्या जेआयएस डब्यांचे पोल बारीक असतात, प्लस १४.७ मिमी. जाड पोल १९.५ चा. मधे पितळी टोपी घालून भागवू नका. ती सैल होते, गरम होते, आणि मग आरशासारख्या रस्त्यावरही गाडी मधेच बंद पडते. गाडीच्या क्लॅम्पला बसेल त्याच पोलची बॅटरी मागवा.

कडाकपारी_४×४

धन्यवाद. रीडिंग घेतली. पूर्ण भरून, वायर सोडून ठेवली: सकाळी १२.३. सेल्फ मारताना पोलवर ९.१. चार्जिंग १४.२. ब्लॉकची अर्थिंग ०.५५ व्होल्ट. गाडी बंद असताना ८० मिलीॲम्पिअर, ट्रॅकरचा फ्यूज काढला की ३५.

आता एजीएम की साधी?

ऑटोइलेक्ट्रिक_मिरज

म्हणजे बॅटरी गेलीच आहे, पण एकटी नाही.

८० मिलीॲम्पिअर × २४ तास × २१ दिवस = ४० एएच. तीन आठवडे उभी राहिली की ६५ मधले ४० गेले. अशी अर्धवट उतरलेली बॅटरी पडून राहिली की प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं, मग ती पूर्ण भरतच नाही. तुमच्या जागी १०० एएचची असती तर एवढंच झालं असतं, थोडं उशिरा. ट्रॅकरला वेगळा स्विच द्या किंवा घरी असताना मेंटेनर चार्जर लावून ठेवा. ट्रॅकर चोरीसाठी लागतोच असेल तर मेंटेनरच.

अर्थिंग: ब्लॉक ते चासी आणि चासी ते बॅटरी, दोन्ही पट्ट्या बदला. ३५ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल, लग हायड्रॉलिक क्रिम्पने दाबलेले, वर गोंद असलेली श्रिंक ट्यूब. चासीवरचा रंग खरवडून उघड्या लोखंडावर लग बसवा, घट्ट केल्यावर ग्रीस.

घाटमाथा_डिझेल

एजीएमबद्दल. आडवी-तिडवी झाली तरी सांडत नाही, हादरे जास्त सोसते, विंचसारखा अचानक मोठा करंट देताना तिचा व्होल्टेज कमी घसरतो. विंचवाल्यांना ती आवडते ते उगाच नाही. पण तिला १४.४ ते १४.७ चं चार्जिंग आवडतं, तुमचं १४.२ आहे. चालेल, पण महिन्यातून दोनदा निघणाऱ्या गाडीत ती कायम थोडी उपाशी राहील. त्यात बॉनेटखालची उष्णता: दर १० अंशांनी आयुष्य साधारण निम्मं होतं असा ढोबळ हिशेब, आणि एजीएममध्ये उडालेलं पाणी परत घालता येत नाही. दुप्पट पैसे देऊन तेवढं पदरात पडेल असं मला वाटत नाही.

लिथियम बॉनेटखाली नकोच. बऱ्याच तयार डब्यांचा बीएमएस (बॅटरी जपणारं आतलं सर्किट) १०० ॲम्पिअरचा असतो. ९,५०० पौंडांचा विंच पूर्ण ताणावर ४०० च्या आसपास किंवा वर खेचतो. बीएमएस कट मारेल तेव्हा इंजिन चालू असेल, डायनामोचा उसळलेला व्होल्टेज घ्यायला बॅटरीच नसेल आणि तो झटका ईसीयूला बसेल. स्पिती-लडाखला निघालात तर शून्याखाली ती चार्जच करायची नसते.

माझं मत: त्याच मापाची ७४ एएचची मेंटेनन्स-फ्री डीआयएन. दोन ब्रँडची तुलना सीसीएवर (थंडीत सेल्फ मारायला मिळणारा करंट) करताय तर दोघांवर एकच स्टँडर्ड छापलंय ना ते बघा. एसएई आणि ईएन, दोन्ही उणे १८ अंशांवरच, पण एसएई ३० सेकंदांनी ७.२ व्होल्ट बघतं आणि ईएन १० सेकंदांनी ७.५. आकडे सरळ शेजारी ठेवता येत नाहीत.

डीआयएन_की_जेआयएस

७४ ला माझंही अनुमोदन. विंचला मोठी एएच लागते हा गैरसमज आहे. ४०० ॲम्पिअर एक मिनिट म्हणजे पावणेसात एएच फक्त. मारतो तो व्होल्टेजचा पडता आलेख. इंजिन १,५०० वर ठेवा, एका मिनिटाच्या आत ओढ थांबवा, बॅटरीला दम घेऊ द्या. विंचची निगेटिव्ह चासीला नको, थेट बॅटरीला.

फ्रिजचं गणित वेगळं. चालू असताना साधारण ४ ॲम्पिअर, कोकणच्या उन्हात निम्मा वेळ चालतो, म्हणजे १२ तासांत २४ एएच. एका रात्रीला ७४ पुरते, फ्रिजचं बॅटरी प्रोटेक्शन (बॅटरी उतरायच्या आत फ्रिज बंद करणारं) 'हाय' वर ठेवा. दोन रात्री एकाच जागी मुक्काम असेल तर दुसरी बॅटरी मागे, मधे व्हीएसआर (व्होल्टेज बघून चालणारा रिले): साधारण १३.३ ला जोडतो, १२.८ ला तोडतो. लिथियम घ्यायचीच असेल तर ती इथे, मागे, डीसी-डीसी चार्जरवर.

रानवाट_जिम्नी

दुकानात मीटर घेऊन जा. शेल्फवरच्या डब्यात १२.५ च्या खाली दिसलं तर दुसरा मागा, तारखेचा कोडही वाचून घ्या. जुनी बॅटरी तिथेच जमा करा, बिलात कमी होते. बसवताना आधी प्लस, मग मायनस. काढताना उलट. पोलवर पांढरं फूल आलेलं असेल तर क्लॅम्प खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन कोरडे करा. क्लॅम्प हातोडीने ठोकू नका, पोलची सील फुटते आणि तिथून ॲसिड झिरपत राहतं.

कडाकपारी_४×४

ठरलं. ७४ ची डीआयएन, नव्या अर्थ पट्ट्या, ट्रॅकरसाठी घरी मेंटेनर. पाचरीचा बोल्ट गंजलाय, तोही नवा घेतो. मेंटेनर किती ॲम्पिअरचा?

ऑटोइलेक्ट्रिक_मिरज

१ ॲम्पिअरचा पुरतो, फ्लोट मोडवाला. त्याची वायर बॅटरीवर कायमची बसवा आणि प्लसजवळ ५ ॲम्पिअरचा फ्यूज टाका.